टॉमला थांबता येत नाही: ‘द कॅट कॉन्सर्टो’ एवढा का गाजतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘टॉम अँड जेरी’मधला ‘द कॅट कॉन्सर्टो’ लोक एवढा डोक्यावर का घेतात? प्रश्नकर्त्या ताईंनी तो पाच वर्षांच्या मुलीबरोबर पाहिला, मजाही आली. पण शेवटी तीच पळापळ आणि तीच ठोकाठोकी, मग याला ऑस्कर कशासाठी, असं त्यांना वाटलं. शिवाय, हे लहान मुलांना दाखवावं का, हाही प्रश्न आहेच.

मी अ‍ॅनिमेशन करतो आणि शिकवतो. हा भाग वर्गात इतक्या वेळा लावला आहे की त्यातला कुठला फटका कुठल्या सुरावर बसतो हे आता डोळे मिटूनही सांगता येतं. तरी ताईंची शंका मला रास्त वाटते. ‘क्लासिक आहे’ एवढं सांगून कुणाला गप्प बसवायचं नसतं. त्यामुळे जरा तपशिलात जातो.

आधी कुंडली. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएम स्टुडिओत टॉम आणि जेरीचे ११४ लघुपट केले, ते १९४० ते १९५८ या काळात पडद्यावर आले. त्यांपैकी सात लघुपटांना ऑस्कर मिळालं आणि ‘द कॅट कॉन्सर्टो’ हा त्यांतला चौथा. थिएटरांत तो सर्वत्र लागला एप्रिल १९४७मध्ये, पण बक्षीस १९४६च्या चित्रपटांसाठीच्या समारंभात मिळालं. (पुतळे दर वेळी निर्माते म्हणून फ्रेड क्विंबी यांनी स्वीकारले. ज्यांनी रात्रंदिवस राबून हे लघुपट केले ते दोघे मंचावर नसायचे. आमच्या धंद्यात ही रीत जुनीच.) संगीत स्कॉट ब्रॅडली यांचं, आणि पियानोवर वाजतं ते संगीतकार फ्रान्झ लिस्टचं ‘हंगेरियन ऱ्हॅप्सडी क्रमांक २’. संवाद एकही नाही. लांबी आठ मिनिटांच्याही आत.

गोष्ट एका ओळीची आहे. टेलकोट घातलेला टॉम भरल्या सभागृहात पियानो वाजवायला येतो, पियानोच्या पोटात जेरी झोपलेला असतो, त्याची झोप मोडते.

आता मुद्द्याचं सांगतो. या लघुपटातलं हसू फटक्यातून येत नाही, एका अटीतून येतं. अट अशी की टॉमला वाजवणं थांबवता येत नाही. समोर लोक बसलेत, त्याची इभ्रत पणाला लागली आहे. एरवी टॉम घरात काय वाट्टेल ते करतो. कुऱ्हाड घेऊन धावेल, अख्खं घर मोडेल. इथे त्याला उठताही येत नाही. जेरीचा समाचार घ्यायचा असेल तर तो वाजवतावाजवता घ्यायचा, आणि तोही लोकांना कळू न देता. बाकी सगळे विनोद या एका अटीच्या पोटी जन्माला आले आहेत. तुम्हाला ‘तीच पळापळ’ वाटली ती खरं तर पळापळ नाहीच. टॉम जवळपास अख्खा लघुपट एका स्टुलावर बसून आहे. मांजर-उंदराच्या मालिकेतला सगळ्यात गाजलेला भाग, आणि त्यात पाठलाग म्हणावा असा जेमतेम आहे!

सुरुवात पुन्हा एकदा पाहा. टॉम येतो, वाकून अभिवादन करतो, बसतो. घाई कसली नाही. अर्धवट मिटलेले डोळे, चेहऱ्यावर ‘आता ऐका’ असा भाव. मग पहिले जड, संथ स्वर. विद्यार्थ्यांना हा तुकडा दाखवला की त्यांची चुळबुळ सुरू होते, ‘सर, पुढे घ्या ना’. पण हा वेळ फुकट घालवलेला नाही. पुढे जे फोडायचं आहे ते इथे उभं केलं जातंय. टॉमचा रुबाब आपल्या मनात नीट बसला नाही तर नंतर बोटांवर झाकण आदळल्यावर आपण फक्त ‘आई गं’ म्हणू. हसू येतं कारण बोटं चेंगरली तरी चेहरा उस्तादाचाच ठेवायची त्याची धडपड चालू असते. नवख्या अ‍ॅनिमेटरचा आणि हॅना-बार्बेराचा फरक मला इथेच दिसतो. नवखा माणूस पहिल्या दहा सेकंदांत कुणाला तरी पाडतो.

टॉमच्या अंगात इथे दोन नट आहेत. चेहरा आणि खांदे प्रेक्षकांसाठी काम करतात, हात आणि बोटं जेरीशी भांडतात. जेरी पियानोच्या कडेवरून त्याची नक्कल करत हातवारे करतो, तेव्हा टॉम त्याला एका टिचकीत उडवून देतो आणि पुढचा स्वर वेळेवर वाजवतो. त्या टिचकीत राग आहे, पण तो मनगटाच्या वर चढत नाही. एकाच आकृतीत दोन वेगवेगळे हेतू एकाच वेळी चालवणं हे काढायला महाकठीण काम आहे. केनेथ म्यूज, एड बार्ज, अर्व्ह स्पेन्स ही त्या काळची टॉम-जेरीची हुकमी चित्रकार मंडळी. त्यांची कागदावरची हुकमत दिसते ती अशा जागी.

आता संगीताकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे आणि लोक बहुतेक वेळा ‘म्युझिक छान आहे’ म्हणून पुढे जातात.

सिनेमाची एक सेकंद म्हणजे २४ फ्रेम, म्हणजेच २४ स्थिर चित्रं. अ‍ॅनिमेटर लय मिनिटातल्या ठोक्यांत मोजत नाही, फ्रेममध्ये मोजतो. दर १२ फ्रेमला एक ठोका पडला तर मिनिटाला १२० ठोके होतात. ८ फ्रेमला पडला तर १८०. हॅना याच भाषेत विचार करायचे. बार्बेरांकडे गोष्ट, विनोद आणि झरझर काढलेल्या मुद्रा. हॅनांकडे वेळेचा हिशोब. टॉम किती फ्रेम थबकेल, डोळे किती फ्रेममध्ये विस्फारतील, थाळी कितव्या फ्रेमला डोक्यावर पडेल, हे सगळं ते संगीताच्या मात्रांसारखं ओळी आखलेल्या तक्त्यांवर मांडत. ब्रॅडली त्या तक्त्यावरून संगीत लिहीत. म्हणजे नेहमीच्या भागात कृती आधी ठरते आणि संगीत तिच्यामागे धावतं. टॉम दबकत चालला की बासून हे खर्जातलं फुंकवाद्य, पळाला की व्हायोलिन, पडला की झांज.

‘द कॅट कॉन्सर्टो’त ही गाडी उलटी फिरते. लिस्टची रचना ठरलेली आहे, ती १८५१पासून छापील आहे. तिच्यातला स्वर तुमच्या विनोदासाठी थांबणार नाही. आधी पियानो ध्वनिमुद्रित करायचा आणि मग त्यातल्या प्रत्येक स्वराशी चित्र जुळवायचं. शिवाय हा पियानो नाचाच्या ठेक्यासारखा सरळ चालत नाही. वादक लय ओढतो, सोडतो, एका स्वरावर रेंगाळतो. म्हणजे ‘दर १२ फ्रेमला ठोका’ हा सोपा हिशोब इथे निकामी. एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत कुठे १७ फ्रेम निघतील, कुठे ९. ध्वनिपट्टी पुढेमागे करत, स्वर कितव्या फ्रेमला सुरू होतो ते एकेक मोजून तक्त्यावर उतरवावं लागतं. आज संगणकावर ध्वनीची लहर डोळ्यांना दिसते, तरी हे काम विद्यार्थ्यांना रडवतं. त्यांनी ते त्या काळच्या साधनांनी केलंय.

मग बोटांचा प्रश्न येतो. ‘टॉम अगदी बरोबर पट्ट्या दाबतो’ असं तुम्ही ऐकलं असेल. याला थोडी मीठ-मिरची लागलेली आहे. टॉमच्या हाताला बोटं चार, अंगठा धरून. लिस्ट पाच बोटांच्या माणसालाही घाम फोडतो. तेव्हा बोट अन् बोट बरोबर असणं शक्यच नाही. खरी कमाल वेगळी आहे. हात पियानोच्या योग्य भागात असतात. स्वर खाली उतरले की हात डावीकडे येतात, वर चढले की उजवीकडे जातात. काळ्या पट्टीच्या जागी बोट उचललेलं असतं, भरदार स्वरसमूहाला खांद्यातून वजन येतं, आणि झरझर स्वरांना फक्त मनगट हलतं. पियानो वाजवणाऱ्या माणसाचं अंग कसं चालतं हे त्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून पियानोवादकांनाही तो खोटा वाटत नाही. आपल्याकडे जाहिरातीत पेटी वाजवणारा नट भाता न हलवता सूर काढतो, ते आठवा म्हणजे फरक कळेल.

आता एकच विनोद जवळून बघू. जेरी पियानोच्या वरच्या टोकाजवळच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या जागी उंदीर पकडायचा चाप ठेवतो. उंदरानेच चाप लावला, ही गंमत आहेच, पण तिच्यावर कुणी फार वेळ हसणार नाही. पुढचं पाहा. टॉमचं बोट लगेच त्यात सापडत नाही. तो चापाच्या अलीकडची पट्टी वाजवतो, मग पलीकडची, पुन्हा अलीकडची. आपला जीव त्या बोटात अडकलेला. टॉमला काहीच पत्ता नाही, कारण त्याचं लक्ष वाजवण्यात. दरम्यान संगीत पुढे सरकतंय आणि आपल्याला मनातून ठाऊक आहे की कधीतरी तो मधला स्वर येणारच. म्हणजे चाप लावला जेरीने, पण तो नेमका कधी मिटणार हे लिस्टने जवळपास शंभर वर्षं आधीच ठरवून ठेवलंय! आणि मिटतो तेव्हा आपण ओरडतो, कारण मधल्या त्या काही सेकंदांत आपल्याला तिष्ठत ठेवलेलं असतं. फटका अर्ध्या सेकंदाचा, वाट पाहणं त्याच्या कितीतरी पट. ठोकाठोकीच्या विनोदाचा सगळा धंदा या गुणोत्तरावर चालतो.

कात्रीच्या जागी हे तितकं जमलेलं नाही, असं माझं मत. जेरी पट्ट्यांच्या फटीत दबा धरून टॉमचं बोट कापायला बघतो, पुन्हा पुन्हा चुकतो. लयीत बसवलंय छान, पण तीच कृती फार वेळ चालते आणि तिच्यातून पुढे काही निघत नाही. शिवाय कापण्याची कल्पना चापापेक्षा ओंगळ आहे. चाप लागलेलं बोट पुढच्या क्षणी बरं होतं, हे कार्टूनच्या जगात आपण मान्य केलंय. कापलेलं बोट चिकटेल की नाही याची खात्री नसते. माझ्या हातात असतं तर मी तो तुकडा निम्मा केला असता. अर्थात माझ्या हातात नव्हता म्हणून ऑस्कर मिळालं, असंही म्हणता येईल.

उलट स्टुलाचा विनोद मला फार आवडतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. वैतागलेला टॉम जेरीला स्टुलाच्या बैठकीत कोंबतो आणि वर बसून वाजवत राहतो. पियानोचं स्टूल फिरवून वर-खाली करता येतं. जेरी आतून बाहेर येतो, बैठक फिरवत टॉमला उंच उंच नेतो आणि मग धाडकन खाली सोडतो. इथे टॉमला कुणी मारलेलं नाही. त्याचा रुबाब ज्या आसनावर होता तेच आसन खाली आलं. या एका विनोदात अख्ख्या लघुपटाचा गाभा आहे, आणि तोसुद्धा पियानोबरोबर येणाऱ्या वस्तूतूनच काढलेला. बाहेरून बॉम्ब, हातोडा, बंदूक काही आणलेलं नाही. चाप आणि कात्री सोडली तर बाकी सगळं, म्हणजे झाकण, पट्ट्या, तारांवर आपटणाऱ्या आतल्या हातोड्या, स्टूल, सूर लावायचं अवजार, पियानोच्या घरचंच आहे. विद्यार्थ्यांना मी सांगतो की जागा निवडा आणि त्या जागेत जे सापडतं त्यातूनच विनोद काढा. नव्वद टक्के मुलं तरीही हवेतून डायनामाइट काढतात.

मध्येच एक मजेदार बदल आहे. टॉम जेरीला पकडायला पियानोवर चढतो आणि खाली पायांच्या बोटांनी वाजवणं चालूच ठेवतो, कारण अट मोडायची नाही. तेवढ्यात जेरी आतल्या हातोड्यांवर नाचतो आणि लिस्टच्या मधोमध ‘ऑन द अ‍ॅचिसन, टोपिका अँड द सॅंटा फे’ या त्या वेळच्या लोकप्रिय गाण्याची धून उमटते. हे गाणं एमजीएमच्याच ‘द हार्वी गर्ल्स’ या चित्रपटातलं. म्हणजे घरचंच गाणं. आणि ज्या समारंभात या लघुपटाला ऑस्कर मिळालं, त्याच समारंभात या गाण्यालाही सर्वोत्तम गीताचं ऑस्कर मिळालं. तेव्हाच्या प्रेक्षकांना ही धून ऐकून काय गंमत वाटली असेल याची कल्पना करा. शास्त्रीय मैफलीत मध्येच गल्लीतलं गाणं घुसलं, आणि टॉमच्या तोंडचं पाणी पळालं. आजच्या मुलीला ते गाणं ठाऊक नसतं, तरी काहीतरी ‘चुकीचं’ वाजलं हे तिला कळतं. लयच सांगते.

शेवटाबद्दल. लिस्टच्या या रचनेचे दोन भाग आहेत: आधीचा संथ, दुसरा वेगवान. पहिल्या भागात टॉमचा मोठेपणा आणि जेरीच्या खोड्या. दुसऱ्या भागात उघड युद्ध. टॉम जेरीला आतल्या हातोड्यांनी बडवून काढतो. आता जेरीचा संयम सुटतो. तो हातोड्या तोडून हातात घेतो आणि आतून थेट तारांवर ठोकत शेवट स्वतः वाजवायला लागतो. त्याबरोबर सत्ता बदलते. आतापर्यंत टॉम वाजवत होता आणि जेरी अडवत होता. आता जेरी वाजवतोय आणि टॉमला त्याच्या मागे फरपटत जावं लागतंय, कारण लोकांना तर टॉमच वाजवताना दिसला पाहिजे. अट तीच, पण गळफास आता टॉमच्या गळ्यात. संपलं असं वाटतं, टॉम सुटकेचा श्वास सोडतो, आणि जेरी पुन्हा सुरू करतो. पुन्हा संपलं, पुन्हा सुरू. ज्यांनी तबलजीची तिहाई ऐकली आहे त्यांना हा खेळ शिकवावा लागत नाही. समेवर आला वाटतो आणि पठ्ठ्या आणखी एक फेरा घेतो. शेवटी टॉम अक्षरशः गळून पडतो, टाळ्यांचा कडकडाट होतो, आणि प्रकाशाचा झोत सरकून जेरीवर जातो. टाळ्या तो घेतो.

यात एक गोष्ट मला दर वेळी खटकते आणि म्हणूनच आवडते: मी टॉमच्या बाजूचा आहे. बहुतेक लोक जेरीच्या बाजूचे असतात, कारण तो लहान. पण या भागात टॉमने काय गुन्हा केला? माणूस, म्हणजे मांजर, तालीम करून, कपडे घालून, वेळेवर कामावर आलंय. त्याच्या वाद्यात कुणीतरी झोपलंय याची त्याला कल्पना नाही. जेरीची झोप मोडली हे खरं, पण मैफलीच्या पियानोत झोपायला कुणी सांगितलं होतं? तरी टाळ्या जेरीला, आणि आपल्याला ते अन्यायाचं वाटत नाही. का? तर टॉमने वाजवताना आव आणला. हॅना-बार्बेराचा न्याय असा आहे की आव आणणाऱ्याचा आव उतरला पाहिजे. यावर वर्गात दर वर्षी भांडणं होतात आणि मला ती हवी असतात.

साहित्यचोरीचा किस्सा अनेक जण काढतात, तर त्याबद्दल थोडं. वॉर्नर ब्रदर्सचा ससा बग्ज बनी नोव्हेंबर १९४६मध्ये ‘ऱ्हॅप्सडी रॅबिट’मध्ये हीच रचना पियानोवर वाजवताना आला होता, तिथेही पियानोत उंदीर होता, आणि काही विनोद इतके सारखे आहेत की योगायोग म्हणायला जीभ धजत नाही. दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांवर बोट दाखवलं. ‘ऱ्हॅप्सडी रॅबिट’चे दिग्दर्शक फ्रिझ फ्रेलेंग यांनी हीच रचना १९४१मध्ये ‘ऱ्हॅप्सडी इन रिव्हेट्स’मध्ये इमारत बांधणाऱ्या कामगारांवर वापरली होती, म्हणजे लिस्टची आवड त्यांना जुनीच. पण तेवढ्यावरून निकाल लागत नाही. एवढं लक्षात ठेवा की तेव्हा पियानोच्या कार्टूनांची लाटच होती. त्याच वर्षीच्या ऑस्कर नामांकनांत वॉल्टर लँट्झ यांचं संगीतकार शोपँच्या रचनांवरचं कार्टूनही होतं. दोन्ही लघुपट लागोपाठ पाहिले तर कुणी कुणाचं घेतलं यापेक्षा एक फरक डोळ्यांत भरतो. बग्ज बनीला अट लागू नाही. तो मध्येच थांबतो, प्रेक्षकांकडे बघून बोलतो, थट्टा करतो. त्याला इभ्रतीची पर्वा नाही, त्यामुळे उंदीर त्याचं फारसं बिघडवू शकत नाही. सारखाच पियानो, सारखीच रचना, सारखाच उंदीर. पण टॉमचा लघुपट जास्त चांगला होतो तो टॉमच्या पोकळ मोठेपणामुळे. (फ्रेलेंगचे चाहते माझ्याशी वाद घालतील. घालू देत.)

हाच न्याय मालिकेतल्या इतर भागांना लावून बघा. ‘क्वाएट प्लीज!’ (१९४५) मध्ये स्पाइक कुत्र्याला झोपायचंय, आवाज झाला तर तो टॉमला फाडून खाईल. म्हणजे टॉमला जेरी पकडायचा आहे, पण आवाज न करता, आणि जेरी मुद्दाम घरभर आवाज करत सुटतो. ‘कॅट कॉन्सर्टो’त थांबायचं नाही, इथे आवाज करायचा नाही. एकाच कल्पनेच्या दोन बाजू, आणि दोन्हींना ऑस्कर. ज्या भागांत अशी अट नाही, नुसतं मागे-पुढे पळणं आहे, ते भाग पाहून झाल्यावर आठवतही नाहीत. ११४ पैकी असे बरेच आहेत. ‘टॉम अँड जेरी’चा प्रत्येक भाग सोन्याचा, असं मी म्हणणार नाही.

पुढे काय झालं तेही यातूनच समजतं. एमजीएमने १९५७मध्ये अ‍ॅनिमेशन विभाग बंद केला. त्यानंतर १९६१-६२मध्ये जीन डाइच यांनी प्राग शहरात १३ भाग केले, आणि १९६३ ते १९६७ या काळात चक जोन्स यांनी ३४. डाइच यांच्या भागांना लोक नावं ठेवतात, आणि पैसा कमी होता हे खरंच. पण मला खटकतं ते हे, की तिथे टॉमला गमावण्यासारखं काही नसतं. मार पडतो, तो दुखतो, एवढंच. जोन्स यांची चित्रं अतिशय देखणी. भुवई उचलावी तर त्यांनीच. तरी त्यांचा टॉम स्वतःच्या मुद्रेच्या प्रेमात पडलेला वाटतो. टॉमची मुद्रा मोडायला हवी, आणि मोडताना वेग हवा. हॅना यांच्या तक्त्यात तो वेग होता. गंमत म्हणजे स्टुडिओ बंद झाल्यावर त्याच हॅना-बार्बेरांनी टीव्हीसाठी कमीत कमी चित्रांत भागवायची पद्धत रुळवली: धड स्थिर, फक्त तोंड हलतं, मागे तीच झाडं पुन्हा पुन्हा सरकतात. पोट भरायला ते गरजेचंच होतं. पण त्या पद्धतीत ‘द कॅट कॉन्सर्टो’चं एक मिनिटही काढता आलं नसतं.

आता मुलांचा प्रश्न. हा भाग मुलीला खुशाल दाखवा. मार आहे, पण तो एका वाद्याभोवतीच्या शर्यतीचा भाग म्हणून येतो, आणि कुणी कायमचं जखमी होत नाही. कात्रीच्या जागी तिने काही विचारलं तर बोला, टाळू नका. माझी काळजी मालिकेतल्या वेगळ्या भागांबद्दल आहे. जुन्या भागांत घरकाम करणाऱ्या एका कृष्णवर्णीय बाईचं पात्र आहे, जिचे बहुधा फक्त पाय दिसतात. तिचं बोलणं-वागणं त्या काळच्या अमेरिकेतल्या वंशद्वेषी साच्यातून आलेलं आहे. स्फोट झाला की टॉमचा चेहरा काळा होऊन कृष्णवर्णीयांची थट्टा करण्याचे प्रसंगही आहेत. हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांनीच पुढे अशा भागांना सूचना जोडल्या, आणि २०१३मध्ये यायच्या डीव्हीडी संचातून ‘माउस क्लीनिंग’ व ‘कॅसानोव्हा कॅट’ हे दोन भाग गाळण्याचं ठरवलं. आपल्याकडे १९९५नंतर कार्टून नेटवर्कवर वाढलेल्या पिढीने यातलं बरंच काही न कळता पाहिलं. गाळून टाकण्यापेक्षा जाणत्या वयाच्या मुलाबरोबर बसून, सांगून दाखवणं मला जास्त बरं वाटतं. पाच वर्षांच्या मुलीला मात्र ते भाग दाखवायची घाई नको. ‘द कॅट कॉन्सर्टो’त यातलं काहीच नाही.

पुन्हा पाहाल तेव्हा एक करून बघा. आधी आवाज पूर्ण बंद करून पाहा. मग चित्र न बघता फक्त ऐका. बिनआवाजी पाहताना कळेल की टॉमच्या खांद्यांवरून लय दिसते, संगीत नसतानाही. नुसतं ऐकताना कळेल की काही ठिकाणी लिस्टच्या स्वरांत ‘चूक’ मुद्दाम मिसळली आहे, आणि तिथे काय घडलं असेल ते मुलगी न बघता सांगू शकेल. माझ्या विद्यार्थ्यांना मी तिसरी पायरी देतो: चापाचा तुकडा फ्रेम-फ्रेम पुढे नेत, बोट चापाच्या किती जवळून जातं ते कागदावर लिहून काढा. चाप मिटण्याच्या आधीच्या फेऱ्यांत ते अंतर कसं बदलतं ते ज्याने स्वतः मोजलं, त्याला ताण कसा वाढवायचा हे वेगळं शिकवावं लागत नाही.

राहता राहिलं ‘सर्वोत्तम का’ हे. माझ्या यादीत ‘क्वाएट प्लीज!’ याच्या केसभर वर आहे, कारण तिथे मौनाची अट पाळताना टॉमची जी त्रेधातिरपीट उडते तिला लिस्टसारख्या रचनेचाही आधार नाही, नुसत्या अभिनयावर निभावलंय. चित्रकारीत आणि संगीताच्या जुळणीत मात्र ‘द कॅट कॉन्सर्टो’च्या जवळ येणारा मला मालिकेतला एकच भाग दिसतो: १९५३चा ‘जोहान माउस’. व्हिएन्नात संगीतकार स्ट्रॉसच्या घरी राहणारा उंदीर वॉल्ट्झ ऐकला की नाचायला बाहेर येतो, आणि त्याला पकडता यावं म्हणून टॉम चक्क पियानो शिकतो. त्यात पियानो वाजवलाय जेकब गिम्पेल यांनी, आणि ‘ऱ्हॅप्सडी रॅबिट’मध्ये बग्ज बनीच्या बोटांमागचे हातही त्यांचेच होते. ताई, मुलीला पुढच्या रविवारी तो लावा.